दातातलं माहेर

सासूबाईंची दाढ मी काढली ती मागच्या पावसाळ्यात. खालची, डावीकडची, पहिली मोठी दाढ. दोन वर्षं ती हलत होती आणि दोन वर्षं त्या "धरून आहे ना अजून, मग राहू दे" म्हणत होत्या. एका रात्री जेवताना तिनं फारच त्रास दिला, तेव्हा सकाळी स्वतःच चप्पल घालून क्लिनिकच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. क्लिनिक घराला लागून असल्यामुळे अपॉइंटमेंट वगैरे भानगड नाही. आतलं हाड इतकं झिजलेलं होतं की जोर लावायची वेळच आली नाही. चिमट्यात धरली आणि दाढ जणू आपणहून उठून आली.

कापसाचा बोळा दातांत धरलेला, तरी त्यांनी हात पुढे केला. "दी हंय, बघूया."

लग्न होऊन सांगलीत आल्याला त्यांना पासष्ट वर्षं होतील. बोली पुरती घाटावरची झाली आहे. पण दुखलंखुपलं किंवा राग आला की त्या अजूनही वेंगुर्ल्यात असतात.

दाढ त्यांनी उजेडात धरून निरखली. मीही निरखली, आणि तीस वर्षांत हजारो दाढा काढलेल्या मला ती जरा निराळी दिसली. कारण त्या महिन्यात मी रात्री काहीबाही वाचत होते, आणि ते सगळं दातांबद्दल होतं. पाच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेला, गवताच्या अफाट मैदानात मेंढरं हाकणाऱ्या माणसांच्या दातांबद्दल.

आधी किटणाची गोष्ट सांगते. सासूबाईंच्या दाढेला, मुळं सुरू होतात तिथे, काळपट तपकिरी कडं होतं. ते किटण. काळेपणा अर्ध्या आयुष्यभराच्या मिश्रीचा. किटण म्हणजे घाण अशी सगळ्यांची समजूत, पण ती खरं तर दगडी आहे. दातावर रोज जंतूंचा एक बुळबुळीत थर बसतो. तो वेळेवर निघाला नाही तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरतं आणि थर जागच्या जागी दगड होतो. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटण जास्त का, असं पेशंट विचारतात. लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात म्हणून. दगड होताना त्या क्षणी तोंडात जे काही असेल ते आत अडकतं: पिठाचे कण, चुलीची काजळी, जंतू आणि अन्नातली प्रथिनं. एकदा अडकलं की बाहेर निघायला वाट नाही. तीस वर्षं मी हा ऐवज पाण्याच्या फवाऱ्यानं बेसिनमध्ये वाहून घालवत आले.

२०२१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. शेवन विल्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशियातल्या गवताळ प्रदेशातल्या जुन्या कबरींमधून ५६ माणसांचं किटण खरवडून घेतलं आणि त्यात दुधाची प्रथिनं शोधली. दूध फाटल्यावर वर जे हिरवट पाणी उरतं, त्यातलं एक प्रथिन फार चिवट आहे. त्याची जडणघडण गाईत वेगळी, मेंढीत वेगळी, घोडीत वेगळी. त्यामुळे दूध प्यायलं एवढंच नाही, कुणाचं प्यायलं हेही बऱ्याचदा सांगता येतं. इसवी सनापूर्वी ४६०० ते ४००० या काळातली, व्होल्गाच्या बाजूची ज्या ११ माणसांची प्रथिनं टिकली होती, त्यांतल्या दहांच्या किटणात दुधाचा मागमूस नव्हता. पुढच्या टप्प्यातली, साधारण इसवी सनापूर्वी ३३००च्या नंतरची १६ माणसं तपासली, तर पंधरांच्या तोंडात दूध. बहुतेकांचं मेंढी-शेळी-गाईचं. डॉन नदीच्या खालच्या अंगाला पुरलेल्या दोघांच्या दातांवर मात्र घोडीचं.

हजारेक वर्षांच्या अंतरात माणसं दुधावर आली. गंमत अशी की मोठेपणी न विरजलेलं दूध पचवू देणारा जनुकबदल त्यांच्यात विरळाच होता. म्हणजे बहुधा आंबवून, विरजून, ताक-दही-चक्का असं काहीतरी करूनच ते खात असणार. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग काय? दूध कोण पितं? दूध विरजायला असतं."

ही माणसं म्हणजे यामनाया. नाव त्यांचं त्यांनी ठेवलेलं नाही. रशियनमध्ये 'यामा' म्हणजे खड्डा. जमिनीत खड्डा खणून माणूस त्यात उताणा, गुडघे वर करून ठेवायचा, अंगावर गेरूसारखी तांबडी माती टाकायची आणि वर मातीचा ढीग रचायचा. या ढिगांना कुर्गान म्हणतात. सपाट मैदानात ते मैलभरावरून दिसतात. आपल्याला 'यामा' म्हटल्यावर यम आठवतो आणि कबरीशी तो चपखलही बसतो, पण तो योगायोग आहे. मी दोन दिवस हुरळले होते, म्हणून सांगते.

नाव ठेवणारा माणूस रशियन पुरातत्त्वज्ञ वासिली गोरोदत्सोव. १९०१ मध्ये इझ्यूम आणि १९०३ मध्ये बाखमूत, या आजच्या पूर्व युक्रेनमधल्या भागात त्यानं एकामागून एक कुर्गान उकरले आणि ते कसे रचले गेले याची बारकाईनं नोंद केली. काही ढिगांत वर नंतरची कबर, तिच्याखाली जुनी, त्याखाली आणखी जुनी. सगळ्यात खालची ती खड्ड्याची. आधी कोण आणि नंतर कोण हा क्रम त्यानं असा लावला. बाखमूत हे नाव आपण २०२२-२३ मध्ये टीव्हीवर रोज ऐकत होतो. शहरात उभी भिंत शोधावी लागावी अशी ती दृश्यं होती.

१९०३ वरून आणखी एक आठवलं. त्याच वर्षी पुण्यात लोकमान्यांचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्यात त्यांनी वेदांतल्या लांबच लांब उषांच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेऊन ठेवलं. आमच्या सासऱ्यांच्या कपाटात त्याची जुनी प्रत होती, पानं पिवळी पडलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा. तर्क पाहावा तर थक्क व्हायला होतं. हाती फक्त शब्द आणि ताऱ्यांचं गणित, आणि त्यावर माणूस ध्रुवापर्यंत जातो. निष्कर्ष टिकला नाही. पण एकच वर्ष, एक माणूस पुण्यात ऋचा उकलतोय आणि दुसरा बाखमूतच्या उन्हात ढिगारे उकरतोय, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. ही जोडी माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतरचं शतक वाद घालण्यात गेलं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, रशियन, फारसी या भाषांची आई कुठे बोलली जात होती? लिथुएनियात जन्मलेल्या पुरातत्त्वज्ञ मारिया गिंबुतास यांनी १९५०च्या दशकात बोट ठेवलं ते कुर्गानवाल्यांवर. कॉलिन रेनफ्रू यांनी १९८७ मध्ये सांगितलं की नाही, ती भाषा आजच्या तुर्कस्तानातून शेतीबरोबर हळूहळू पसरली. भांडी आणि हाडं पाहून हा वाद मिटणारा नव्हता. भांडं हातोहात जातं, माणूस न जाताही.

मग माणसाच्या आतलं वाचता यायला लागलं. इथे दंतवैद्यकाचा थोडा अभिमान मिरवू द्या. जुना डीएनए मिळवायला सुरुवातीला दात हा हुकमी माल होता, कारण मुळाच्या आत आणि मुळावरच्या थरात तो बराच काळ तग धरतो. २०१४-१५च्या सुमारास मात्र कानानं आम्हाला मागे टाकलं. अंतर्कर्णाभोवतीचं हाड शरीरात सगळ्यात घट्ट आहे, नावच मुळी 'दगडी' अशा अर्थाचं. त्यात दातापेक्षा कितीतरी जास्त डीएनए सापडू लागला. चिमूटभर भुकटी पुरते. पण ती मिळवायला हाड कोरावंच लागतं, आणि कोरलेलं हाड पुन्हा भरून येत नाही. दात वाचवण्याचा धंदा करणारी मी, हे वाचताना दर वेळी जीव थोडा खाली-वर होतो.

जून २०१५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन मोठे अभ्यास शेजारी शेजारी छापून आले. सार एकच. साधारण ५००० वर्षांपूर्वी यामनाया मैदानातून बाहेर पडले आणि पाहता पाहता पश्चिमेला मध्य युरोपात, पूर्वेला पार अल्ताय पर्वतापर्यंत पोचले. जर्मनीतले, भांड्यांवर दोरीचे ठसे उमटवणारे 'कॉर्डेड वेअर' लोक तपासले तर त्यांच्या वंशाचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा यामनायांचा. एवढं मोठं माणसांचं सरकणं फारसं कुणी धरलं नव्हतं. रेनफ्रूंनी पुढे जाहीर व्याख्यानात गिंबुतास यांचं म्हणणं बरोबर ठरल्याचं मान्य केलं. त्या तेव्हा हयात नव्हत्या.

घोड्यांवर स्वार होऊन आले असतील, असंच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. माझ्याही आलं. पण आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज व्होल्गा-डॉनच्या खालच्या खोऱ्यातून चहूकडे पसरले ते इसवी सनापूर्वी २२००च्या आसपास, यामनायांच्या नंतर बऱ्याच शतकांनी. यामनायांच्यातले काही जण घोड्यावर बसत असतील, त्यावर तज्ज्ञांची खडाजंगी चालूच आहे. बिऱ्हाड मात्र बैलगाडीत होतं. भरीव लाकडी चाकांच्या गाड्या त्यांच्या कबरींत मिळाल्या आहेत. मागे मेंढरं, पुढे गवत. नद्यांच्या मधला, पाणी नसलेला मैदानाचा पोटभाग, जिथे आधी माणूस फिरकत नव्हता, तो या गाड्यांनी खुला केला. आऱ्यांचं हलकं चाक आणि घोड्यांचा रथ हे प्रकरण पुढचं, उरल पर्वताच्या दक्षिणेकडल्या सिंताश्ताचं, इसवी सनापूर्वी २०००च्या आगेमागे.

बरं, हे यामनाया तरी कुठले? त्यांचं मूळ काय?

'मूळ' शब्दावर माझं रोजचं पोट आहे. खालच्या दाढेला मुळं दोन, वरच्या दाढेला तीन, पुढच्या दातांना एक. दाढेला एकच मूळ असेल असं धरून जो काढायला जाईल त्याच्या हातात तुकडा येतो. यामनायांच्या बाबतीत तसंच झालं. त्यांच्या अंगात उत्तरेकडच्या नदीकाठच्या शिकाऱ्यांचा वाटा होता. त्या शिकाऱ्यांच्याही मागे एक हरवलेली जमात होती. २०१२ मध्ये संशोधकांनी नुसत्या आकडेमोडीवरून सांगितलं की अशी एक लोकसंख्या असायलाच हवी, हाडं मात्र कुणी पाहिली नव्हती. दुसऱ्याच वर्षी ती सापडली. बैकल सरोवराजवळच्या माल्ता गावी १९२०च्या दशकात उकरलेलं, सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात पडून असलेलं एक पोर. वय तीन-चार वर्षांचं, गेल्याला २४,००० वर्षं झालेली. अजून सगळे दुधाचे दात तोंडात असण्याचं वय.

दुसरं मूळ कॉकेशसमधलं. जॉर्जियातल्या कोतियास आणि सात्सुर्ब्लिया या गुहांमधल्या शिकाऱ्यांशी त्याचं नातं. ही दोन मुळं कुठे एकत्र आली हे मात्र धूसर होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये योसिफ लाझारिदिस, डेव्हिड राइश आणि त्यांच्या मोठ्या चमूनं ४३५ माणसांचा डीएनए एकत्र मांडला. त्यांच्या मते कॉकेशसच्या उत्तर पायथ्यापासून व्होल्गाच्या मुखापर्यंत एक मिश्र समाज पसरलेला होता. त्यातली माणसं पश्चिमेला सरकली, द्निप्रो आणि डॉनकाठच्या जुन्या रहिवाशांत मिसळली आणि त्यातून यामनाया झाले. चार पंचमांश वाटा या व्होल्गा-कॉकेशसवाल्यांचा. बोट ठेवायचंच तर द्निप्रोच्या खालच्या अंगाला, मिखाइलिव्काच्या आसपास. याच व्होल्गा-कॉकेशसवाल्यांचा थोडा अंश कांस्ययुगीन अनातोलियातही, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातही, निघाला, जिथे हित्ती भाषा बोलली जायची. म्हणजे वादातली ती आदिमाता यामनायांच्याही आधीची, त्यांच्या आजोळची.

मला यात सगळ्यात जास्त काय भिडलं असेल, तर सुरुवातीचा आकार. पुढे अर्धं जग व्यापणारी ही माणसं मुळात जेमतेम काही हजार होती. आमच्या तालुक्यातल्या दोन-तीन मोठ्या गावांएवढी. त्यांतल्या कुणाला आपण 'यामनाया' आहोत असं वाटत नव्हतं. मेंढरं वळायची, गाडीचा आस मोडला तर बदलायचा, थंडीत पोरं जगवायची.

भारताचं विचारणार तुम्ही, ठाऊक आहे. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय निघाला की संध्याकाळपर्यंत दोन जण ग्रुप सोडतात. थोडक्यात सांगते. हरियाणातल्या राखीगढीचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं केलं, वसंत शिंदे यांच्या देखरेखीखाली. हाडांचे ६१ नमुने तपासले. आपल्याकडच्या उष्णतेत डीएनए अक्षरशः शिजून जातो. साठ नमुने रिकामे गेले, एका बाईच्या कानाच्या हाडानं हात दिला, आणि त्यातूनही वाचता येईल असं काही जमवायला शंभरावर प्रयत्न करावे लागले. हडप्पाकाळातली ही बाई, इसवी सनापूर्वी अडीच हजारच्या अलीकडे-पलीकडे गेलेली. तिच्यात गवताळ मैदानाचा अंश नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या, ५२३ माणसांच्या अभ्यासानं सांगितलं की मैदानाचा अंश दक्षिण आशियात आला तो इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या दरम्यान. आज तो आपल्यात कमीजास्त प्रमाणात जवळपास सगळीकडे आहे. एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंनी पेढे वाटले. एकानं पहिल्या निष्कर्षाचे, दुसऱ्यानं दुसऱ्याचे. दोन्ही एकत्र वाचायची तसदी कुणाला नको होती.

त्या ५२३ मधली एक गोष्ट मात्र ग्रुपवर कुणी टाकली नाही, आणि मी तिच्यापाशीच अडकून राहिले. वायव्येला, आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात, इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकाच्या आगेमागे पुरलेली माणसं तपासली. त्यांच्या एकूण वंशात मैदानाचा वाटा साधारण २० टक्के. बापाकडून मुलाकडेच जाणारं जे वाय गुणसूत्र, ते ४४ पुरुषांचं पाहिलं, तर मैदानी खूण जेमतेम पाच टक्क्यांत. याचा सरळ अर्थ, त्या खोऱ्यात मैदानाचा अंश बव्हंशी बायकांकडून आला. आज भारतभर पाहिलं तर उलटं दिसतं, तो पुरुषांकडून जास्त आलेला. पण स्वातमध्ये तो उंबरठ्यावरचं माप ओलांडून आला, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणजे सून म्हणून.

हा शब्दही बघा. सून, संस्कृत स्नुषा. रशियनमध्ये स्नोखा. दीर, संस्कृत देवर, रशियनमध्ये देवेर. सासू आणि सासरा, श्वश्रू आणि श्वशुर. रशियन बाई नवऱ्याच्या आईला स्वेक्रोव आणि वडिलांना स्व्योकर म्हणते. बायकोच्या आईवडिलांना तिथे वेगळेच शब्द आहेत. जाऊ, संस्कृत यातृ, जुन्या रशियनमध्ये यात्रोव. लॅटिनमध्येही या जावेची बहीण आहे. भाषाशास्त्रज्ञांनी हे शब्द मागे मागे नेले आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. त्या आदिभाषेत नवऱ्याच्या घरच्या नात्यांची ही यादी भक्कम उभी राहते. बायकोच्या माहेरच्या नात्यांची तशी राहत नाही. म्हणजे हे शब्द तोंडात घोळवणारी, ज्यांना त्यांची रोज गरज पडायची ती, दुसऱ्याच्या घरी नांदायला गेलेली बाई.

चाक आणि जू हे शब्दही त्याच गाडीतून आलेत. चाकाची चर्चा परिषदांमध्ये होते. जावेची चर्चा मी स्वयंपाकघरात सुरू केली. सासूबाई वाल सोलत होत्या. त्यांना म्हटलं, जाऊ हा शब्द पाच हजार वर्षांचा आहे. त्या म्हणाल्या, "असणारच. भांडण केवढं जुनं आहे."

दक्षिण उरलमध्ये नेप्ल्युयेव्स्की नावाच्या ठिकाणी ३८०० वर्षांपूर्वीचा एक कुर्गान आहे. त्यातल्या ३२ जणांचा डीएनए २०२३ मध्ये वाचला गेला. निघालं काय, तर सहा भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, नातवंडं. थोरल्याला दोन बायकांपासून आठ मुलं. धाकट्यांची कुटुंबं लहान. बायका बाहेरून आलेल्या. आणि त्या घरात जन्मलेल्या, वाढलेल्या, मोठ्या झालेल्या लेकी? त्या तिथे नाहीत. कुणाच्या तरी दुसऱ्या ढिगाखाली असतील. आपल्याकडच्या कुठल्याही भाऊबंदकीच्या वाड्याची वंशावळ काढा, लेकींच्या नावापुढे रेघ थांबलेली असते. तशीच.

आता पुन्हा दाढेकडे येते.

किटण आयुष्यभर चढत राहतं. दाताचं इनॅमल मात्र एकदाच घडतं. पहिल्या मोठ्या दाढेचं काम बाळ जन्मतं तेव्हा सुरू होतं आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास संपतं. ती तोंडात दिसते सहाव्या वर्षी, पण हिरडीच्या आत तिचा माथा केव्हाच तयार झालेला असतो. अक्कलदाढेचा माथासुद्धा सोळापर्यंत होऊन जातो. त्यानंतर इनॅमलमध्ये काही भर पडत नाही, काही बदलत नाही. त्या वर्षांत प्यायलेल्या पाण्यातून, खाल्लेल्या धान्यातून थोडं स्ट्रॉन्शियम कॅल्शियमची जागा घेऊन त्यात बसतं. प्रत्येक जागच्या खडकाप्रमाणे या स्ट्रॉन्शियमच्या दोन प्रकारांचं प्रमाण निरनिराळं असतं. आमची सांगली दख्खनच्या काळ्या बसाल्टवर. खडक त्या मानानं तरुण, साडेसहा कोटी वर्षांचा, प्रमाण कमी. वेंगुर्ल्याकडचे खडक त्याहून कितीतरी जुने, प्रमाण जास्त. सासूबाई सतराव्या वर्षी घाट चढून आल्या. त्यांची दाढ कुणी तपासलीच, तर इनॅमल सांगेल की ही बाई इथली नाही. मासळीचा आणि समुद्राच्या मिठाचा हिशेब तेवढा वेगळा धरावा लागेल. आणि किटण सांगेल ज्वारीची भाकरी, म्हशीचं दूध, मिश्री. दाढ माहेरची, कडं सासरचं. मधे रेषा इतकी स्पष्ट की नख लागतं.

जर्मनीत, नाउम्बुर्ग शहराजवळ ऑयलाऊ या गावी २००५ मध्ये चार कबरी मिळाल्या. ४६०० वर्षांपूर्वीच्या, त्याच दोरीठशांच्या भांडीवाल्यांच्या. चार कबरींत १३ माणसं, सगळी एकाच वेळी गेलेली. बहुतेक बायका आणि मुलं. कवट्यांवर घाव, हात आडवे घालून वार अडवल्याच्या खुणा, एका बाईच्या मणक्यात रुतलेलं गारगोटीचं बाणाग्र. कुणीतरी वस्तीवर हल्ला केला, आणि जे वाचले, कदाचित रानात जनावरांमागे गेलेले, त्यांनी परत येऊन माणसं पुरली. घाईनं नाही पुरली. एका कबरीत पुरुष, बाई आणि दोन मुलगे. एक आठ-नऊ वर्षांचा, एक चार-पाच वर्षांचा. रीत अशी की पुरुष उजव्या कुशीवर, बाई डाव्या, आणि सगळ्यांची तोंडं दक्षिणेकडे. पण मुलांची तोंडं मोठ्यांकडे वळवलेली, हात हातांत गुंतवलेले. २००८ मध्ये डीएनएनं सांगितलं की ते आई, बाप आणि त्यांची लेकरंच आहेत.

मग दात तपासले. पुरुष आणि मुलं त्याच मातीची निघाली. बायका नाही. त्यांचं बालपण दुसऱ्या कुठल्या पाण्यावर गेलेलं.

हे मी सासूबाईंना सांगितलं त्या दिवशी रात्री, झोपायच्या आधी. हिरडीवर टाका नव्हता, सूज थोडी होती, गरम पाण्याच्या गुळण्या करून त्या पलंगावर टेकल्या होत्या. दाढ त्यांनी एका जुन्या कुंकवाच्या डबीत ठेवली होती. मी त्यामागचं खडकांचं, स्ट्रॉन्शियमचं जमेल तेवढं समजावलं. त्यांना ते कळलं की नाही मला सांगता येत नाही. चार कबरींचं मात्र त्यांनी मधे एक शब्द न बोलता ऐकलं. मी उठून दिवा मालवला.

अंधारात थोड्या वेळानं आवाज आला. "तिच्या म्हायाराक कोणी कळवल्यान, काय नाय?"